पुणे, पुणे, पुणे... एक सीट!

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात डोकावून बघा. बीकेसी असो, लोअर परळ असो, नाहीतर ऐरोली. चार-दोन डेस्कांखाली सॅक भरून तयार असतात. सॅकचे मालक स्क्रीनकडे बघत असतात, पण लक्ष घड्याळाकडे. अशा वेळी साहेबांनी 'पाच मिनिटं जरा बसू या' म्हटलं, की यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ही सगळी पुणेकर मंडळी. कुणी जन्माने, कुणी सासरमुळे, तर कुणी तिथल्या फ्लॅटच्या ईएमआयमुळे! आठवडाभर मुंबईत राबायचं आणि वीकएण्डला पुणं गाठायचं, हा यांचा वर्षानुवर्षांचा फंडा.

पण गाठायचं कसं? डेक्कन क्वीन आहे. १ जून १९३० पासून धावणारी आपली लाडकी राणी. पण ती सीएसएमटीहून पाच दहाला सुटते. म्हणजे सहाला ऑफिस सुटणाऱ्यासाठी ती सुटलेलीच असते! शिवनेरी आहे, पण शुक्रवारची तिची रांग बघितली की घरी जायची इच्छाच मरते. स्वतःची गाडी असेल तर दीडशे किलोमीटर एकट्याने स्टिअरिंग धरून बसायचं. पूर्ण कॅब करायची तर खिसा रडतो.

मग उरतो शेवटचा पर्याय. कुणाच्या तरी गाडीतली एक सीट.

बाबांच्या काळातली टॅक्सी

गाडी शेअर करणं ही काही मोबाइल अ‍ॅपवाल्यांनी लावलेली आयडिया नाही, बरं का. आमचे बाबा नव्वदच्या दशकात कामासाठी मुंबईला यायचे. परतीची गाडी चुकली की दादरच्या टॅक्सी स्टॅण्डवर जायचे. तिथे 'पुणे, पुणे, पुणे... एक सीट!' असा पुकारा चाललेला असायचा. तीन माणसं आधीच बसलेली असायची. चौथं मिळालं की टॅक्सी सुटायची. गंमत म्हणजे, ड्रायव्हर कायम 'एकच सीट' म्हणायचा, मग गाडी रिकामी का असेना! पुढची सीट मिळाली तर लॉटरी. मागची मधली सीट मिळाली, तर जुन्या हायवेने चार-पाच तास दोन्ही बाजूंच्या खांद्यांमध्ये चेपून जायचं.

आणि ही झाली मुंबई-पुण्याची मिजास. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जा, तिथे 'वडाप' आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात 'काळी-पिवळी' आहे. जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला माणसं जीप शेअर करूनच जातात. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर सायकल. तिथे कुणी 'कार पूल' वगैरे म्हणत नाही. गाडी भरली की निघते, एवढंच.

आपल्याकडे फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे रस्ता. कळंबोली ते किवळे असा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि पुणं एकदम जवळ आलं. दुसरी म्हणजे फोन. फ्रान्सची ब्लाब्लाकार ही कंपनी जानेवारी २०१५ मध्ये भारतात आली. आपली गाडी घेऊन निघालेला माणूस फोनवर सांगतो, 'मी साडेसहाला चेंबूरहून निघतोय, चार सीट आहेत.' ज्याला जायचंय तो सीट घेतो. चेंबूरचं मैत्री पार्क, वाशी, कळंबोली अशा ठिकाणी हातात सॅक घेऊन, येणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबर प्लेट वाचत उभी असलेली मंडळी दिसली, तर समजा ती यातलीच.

आधी खिसा

कुणालाही विचारा, 'गाडी का शेअर करतोस?' उत्तर ठरलेलं. 'पैसे वाचतात ना, बॉस!'

खरंच वाचतात. दीडशे किलोमीटरला साधारण दहा लिटर पेट्रोल लागतं. लिटरचा भाव शंभरीपार धरला तर झाले हजार-पन्नास. एक्स्प्रेस वेचा टोल १ एप्रिल २०२३ पासून चारचाकीला ३२० रुपये झाला. म्हणजे एका खेपेला तेराशे सत्तरच्या आसपास. एकट्याने गेलात तर सगळे तुमचे. पाच जण असाल तर माणशी पावणेतीनशे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तेव्हा त्याचा टोल ठेवला होता २५०. तेव्हापासून गाडीत नवा प्रश्न आला, 'सेतूवरून जायचं का? पन्नास-पन्नास पडतील.' आणि मग पाच सुशिक्षित, कमावती माणसं पन्नास रुपयांवर दहा मिनिटं चर्चा करतात. भारी असतं ते ऐकायला!

पर्यावरणवाल्यांसाठी आणखी एक हिशेब. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पुण्याच्या एका खेपेला तेवीस किलो. गाडीत एक असो वा पाच, तेवीस किलो जवळपास तेवढेच राहतात, फक्त वाटेकरी बदलतात.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पेट्रोलची आणि टायरसाठी लागणाऱ्या रबराची चणचण होती. तेव्हा गाड्या वाटून घ्या म्हणून सरकारच लोकांच्या मागे लागलं होतं. १९४३ चं एक सरकारी पोस्टर प्रसिद्ध आहे. त्यात एक सुटाबुटातला माणूस ऐटीत एकटाच गाडी चालवतोय आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर हिटलरची पुसट आकृती बसलेली आहे. एकट्याने गाडी चालवाल तर तुमच्या शेजारी हिटलर बसलाय असं समजा, हा त्याचा अर्थ. इतकं टोकाचं आपल्याकडे कुणी अजून सांगितलेलं नाही!

बोलायचं की गप्प बसायचं?

माझा मावसभाऊ अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो आणि नोकरीला वॉशिंग्टनमध्ये जातो. त्याच्याकडे याचा वेगळाच प्रकार आहे. तिथल्या हायवेवर तीन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी वेगळ्या लेन आहेत. एकट्या ड्रायव्हरला त्या फुकट वापरता येत नाहीत. म्हणून तो ठरलेल्या जागी थांबतो, रांगेतल्या दोन अनोळखी माणसांना गाडीत घेतो आणि सुसाट सुटतो. १९७० च्या दशकापासून हे चालू आहे. याला 'स्लगिंग' म्हणतात. पैशाचा व्यवहार शून्य. ड्रायव्हरला वेळ मिळतो आणि पॅसेंजरला फुकट प्रवास. आणि अलिखित नियम असा, की ड्रायव्हर बोलल्याशिवाय पॅसेंजरने बोलायचं नाही. उतरताना थँक्यू म्हणायचं, संपलं.

हे ऐकून मला हसूच आलं. दोन मराठी माणसं पनवेलपर्यंत तोंड मिटून बसलीत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा! आपल्याकडे कळंबोली यायच्या आत समोरच्याची कंपनी, पॅकेज, लग्न झालंय की नाही, एवढं तर कळलेलंच असतं. तरी मधला मार्ग फ्रेंचांनी काढलाय. ब्लाब्लाकारचं नावच त्यावरून पडलंय. तुम्ही किती बडबडे आहात हे आधीच सांगायचं. मितभाषी असाल तर नुसतं 'ब्ला', गप्पिष्ट असाल तर 'ब्लाब्ला' आणि थांबतच नसाल तर 'ब्लाब्लाब्ला'.

मी स्वतःला कायम 'ब्ला' समजत आले.

आडनाव काय म्हणालात?

सगळं गोड गोड नसतं, हेही सांगायला हवं. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी नाव विचारलं. सांगितलं. 'पूर्ण नाव?' मग 'मूळ गाव कुठलं?' मग 'तिकडे कुठल्या आळीत?' आडनावावरून त्यांना काय ताडायचं होतं ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. तळेगावपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं. चार फुटांच्या डब्यात अनोळखी माणसाबरोबर तीन तास बसायचं, तर त्याच्या डोक्यातलं सगळं सामानही बरोबर येतं. डिकीत टाकता येत नाही.

मुलींसाठी तर आणखी मोठी यादी. मी गाडीत बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो बाबांना पाठवते. लोकेशन चालू ठेवते. ओळख पडताळलेली आहे का, आधीच्या प्रवाशांनी काय लिहिलंय, हे वाचल्याशिवाय सीट घेत नाही. चढायचं आणि उतरायचं ते वर्दळीच्या जागीच. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

शिवाय कायदा आहेच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवायला परवानगी नाही, त्यासाठी पिवळी पाटी लागते. गाडी भाड्याने चालवत होतात असं ठरलं, तर अपघातात खासगी गाडीचा विमाही हात वर करू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये तर राज्य सरकारने खासगी गाड्यांच्या अशा पूलिंगवर बंदीच घातली होती. पुढे २०२५ मध्ये अटी घालून परवानगी द्यायचं धोरण स्वीकारलं. म्हणून खर्च वाटून घ्या, धंदा करू नका. गाडीमालक पेट्रोल-टोलच्या वाट्यापेक्षा जास्त मागत असेल, तर सरळ दुसरी गाडी बघा.

काकांचे दोन नियम

आता मुद्द्याचं. २०२४ च्या मे महिन्यात आईला ब्रेस्ट कॅन्सर असल्याचं कळलं. उपचार पुण्यात, माझी नोकरी मुंबईत. मग दर शुक्रवारी पुणं आणि सोमवारी पहाटे परत, असं चक्र सुरू झालं. ऑफिसमध्ये मी फक्त 'फॅमिली मॅटर' एवढंच सांगितलं होतं. नातेवाइकांशी बोलावं, तर प्रत्येकाकडे एक काढा आणि एक ओळखीचा वैद्य तयार. मैत्रिणी 'होईल गं सगळं नीट' म्हणायच्या आणि मग आम्ही दोघी गप्प. हळूहळू मी कुणाशीच बोलेनाशी झाले.

अशातच काकांची गाडी मिळाली. पन्नाशीचे, ठाण्यात बँकेत नोकरी, बिऱ्हाड कोथरूडला. दर शुक्रवारी साडेसहाला वाशीहून निघणार म्हणजे निघणार. गाडीत त्यांचे दोनच नियम होते. मधल्या सीटवर जो बसेल, त्याने गाणी लावायची. आणि पैसे वाकडला उतरताना, मोजून द्यायचे. सुट्टे नसतील तर काका परत देणार, 'राहू द्या' चालणार नाही.

एकदा मी पुढे बसले होते. त्यांना विचारलं, 'काका, तुम्हाला या पावणेतीनशे रुपयांची काय गरज?'

'गरज नाहीये,' ते म्हणाले. 'एकटा असलो की घाटात डोळा लागतो. तुम्ही असलात की लागत नाही.'

'मग फुकट न्या की!'

'नेलं होतं सुरुवातीला. लोक अंग चोरून बसतात. एसीने गारठले तरी बोलत नाहीत. उतरताना पाया पडायचंच काय ते बाकी ठेवतात. पैसे घ्यायला लागल्यापासून हक्काने म्हणतात, काका, एसी कमी करा, काका, जरा थांबवा. मला तेच बरं वाटतं. उपकार केले की माणूस मोकळा बसत नाही.'

तेव्हा मी नुसतं 'हं' म्हटलं. त्याचा अर्थ जुलैत कळला.

त्या शुक्रवारी धो धो पाऊस होता. गाडीत काका, पुढे एक टीचरबाई, मागे मी, मध्ये एक कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागलेला मुलगा आणि पलीकडे एक औषध कंपनीतला सेल्समन. मुलाच्या कानात इअरफोन. खालापूर मागे पडलं, घाट सुरू झाला आणि गाड्या थांबल्या. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. पंधरा मिनिटं, अर्धा तास... काकांनी इंजिन बंद केलं. वेळ घालवायला ते अमृतांजन पुलाबद्दल सांगत होते. १८३० चा तो पूल, २०२० च्या लॉकडाउनमध्ये रस्ता मोकळा होता तेव्हा पाडला. काका लहानपणी एसटीने जाताना तो दिसला, की घाट संपत आला असं समजायचे.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. आईला ताप चढला होता. केमोनंतर पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट केलं होतं. 'तू सावकाश ये,' असं बाबा म्हणाले. आवाज सावकाशीचा नव्हता.

फोन ठेवला. बाहेर पाऊस, पुढे-मागे गाड्यांचे लाल दिवे. उतरून पळत जावं म्हटलं तरी जाणार कुठे? गाडीत कुणीच काही बोललं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. मग मीच बोलायला लागले. मे महिन्यापासून जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं, त्या चार माणसांना, ज्यातल्या तिघांची मला नावंसुद्धा धड माहीत नव्हती. आईचे केस गेले तेव्हा ती हसली होती आणि मला ते सहन झालं नव्हतं, इथपर्यंत. 'ब्ला' मुलगी अर्धा तास बोलत होती.

कुणी काढा सांगितला नाही. कुणी 'होईल नीट' म्हटलं नाही. त्या मुलाने कधी इअरफोन काढले, मला कळलंच नाही. टीचरबाईंनी पर्समधून बाकरवडीचं पाकीट काढून मागे दिलं. सेल्समनने फोनवर रस्ता कुठपर्यंत अडलाय ते बघून ठेवलं. काका एवढंच म्हणाले, 'वाकडला नको, आपण आधी हॉस्पिटलला जाऊ. कुणाला घाई आहे का?' टीचरबाईंना औंधला जायचं होतं, सेल्समनला निगडीला. निगडी तर रस्त्यात आधी येतं. तरी कुणालाच घाई नव्हती.

रात्री पावणेबाराला हॉस्पिटलच्या गेटवर गाडी थांबली. मी पर्समधून तीनशे रुपये काढले. हात थरथरत होते. काकांनी ते घेतले आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून पंचवीस रुपये मोजून परत दिले. नेहमीसारखेच.

त्यांनी 'राहू दे गं, पोरी' म्हटलं असतं, तर मी तिथेच कोसळले असते. मग ती दया झाली असती आणि पुढच्या शुक्रवारी त्या गाडीत बसायला मला जड गेलं असतं. पैसे घेतले, म्हणून मी पुन्हा नुसती एक सीट होते. पुढच्या शुक्रवारी साडेसहाला वाशीला उभी राहिले, तेव्हा काकांनी विचारलं, 'ताप उतरला का?' मी 'हो' म्हटलं. 'बसा मग. आज मधली सीट तुमची, गाणी लावा.'

आणि आता

आईचे उपचार २०२५ च्या सुरुवातीला संपले. आता तपासणी असते ती तीन महिन्यांनी. केस परत आलेत, कुरळे, आणि ती त्यावर भलतीच खूश आहे! काकांची बदली झाली, तेही कायमचे कोथरूडला गेले. त्या रात्रीच्या बाकीच्या तिघांपैकी कुणाचाही नंबर माझ्याकडे नाही. मागावासाही वाटला नाही. आमच्या गाडीची सोबत गाडीपुरतीच होती, आणि म्हणूनच कदाचित एवढी मोकळी होती.

गेल्या वर्षी मी सेकंडहॅण्ड वॅगन आर घेतली. महिन्यातून दोनदा पुण्याला जाते. निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकते, 'पुणे, तीन सीट.' चार टाकत नाही, कारण वॅगन आरच्या मागच्या सीटवर तिसरा माणूस खरंच चेपतो. मधली सीट रिकामीच राहते, म्हणून गाणी लावायचा मान माझ्या शेजारी पुढे बसणाऱ्याला दिलाय. परवा आमच्या अकाउंट्समधली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. पनवेलपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही. लोणावळ्याच्या पुढे तिने हळूच एसी कमी करायला सांगितलं.

पेट्रोल आणि टोलचा हिशेब मी पैशापर्यंत करते. वाकडला सुट्टे परत देते. ऑफिसमधले काहीजण मला यावरून चिंगूस म्हणतात. म्हणू देत.